टेबल नऊचा कुत्रा

३ तारीख, मंगळवार

आज एक नवा शब्द मिळाला. पुरता कळला नाही, म्हणून लिहून ठेवतो.

दुपारी हॉटेलात चार नंबरच्या टेबलाशी प्रवासाच्या बॅगा घेऊन आलेलं एक जोडपं होतं. भाजलेली कोंबडी अर्ध्याहून जास्त उरली. त्या माणसाने मला बोलावलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "डॉगी बॅग मिळेल का?" मी हो म्हणालो आणि आत गेलो. अर्थ माहीत नसताना हो म्हणणं मला आवडत नाही. पण नाही म्हणायलाही अर्थ माहीत असावा लागतो.

आमचा आचारी, ज्याला सगळे वस्ताद म्हणतात, तो कढईपाशी होता. "कुत्रा कुठाय?" त्याने विचारलं. मी म्हणालो, दिसला तरी नाही. "मग त्यांना सांग, घेऊन या, इथेच वाढतो."

भांडी घासणाऱ्या मावशीने मानही वर न करता सांगितलं, "अरे वेलांटी, उरलेलं बांधून मागतायत. दे डब्यात भरून."

वेलांटी म्हणजे मी. पहिल्याच दिवशी मेनूच्या फळ्यावरच्या चुका न विचारता दुरुस्त केल्या, तेव्हापासून हेच नाव पडलं. शाळा आठवीत सुटली, पण शुद्धलेखनात मी कधी मार खाल्ला नाही.

डबा भरला आणि चिकटपट्टी लावून तीन ओळी लिहिल्या: काय आहे, कधी भरलं, कोणी भरलं. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर हे लिहायचंच असा वस्तादचा नियम आहे. तो म्हणाला, "गिऱ्हाइकाच्या डब्यावर कशाला?" मी म्हणालो, डबा तो डबा. कुणाला बाधलं तर भरलेली वेळ कळायला हवी.

हे सगळं दुपारच्या सुट्टीत कोठीच्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर बसून लिहितो आहे. एक तारखेला माझे तीन महिने पुरे होतात. थोरल्या शेठनी सांगितलंय, मग मी कायम, आणि माडीवरची खोली माझी. खोली साडेपाच पावलं लांब आणि चार रुंद आहे. दाराला आतून कडी आहे. दादाच्या घरी मी कपाट आणि दार यांच्या मधल्या जागेत झोपतो आणि दादाचे बूट निघायच्या आत गादी गुंडाळतो. आतून कडी असलेल्या खोलीत मी आजवर एकदाही झोपलेलो नाही.

हे तिसरं हॉटेल. पहिल्यात चिठ्ठीवर पदार्थांची नावं पूर्ण लिहायचो, म्हणून सावकाश ठरलो. दुसऱ्यात एका बाईंना मासा कालचा आहे हे सांगून बसलो. इथे तोंड आणि हात दोन्ही सांभाळायचे.

६, शुक्रवार

नऊ नंबरच्या बाई मंगळवारी आणि शुक्रवारी बरोबर बाराला येतात. इस्त्रीची बाही, हातात कापडी पिशवी. पूर्वी एका कचेरीत इंग्रजी कागदांचं भाषांतर करायच्या. एक पूर्ण थाळी मागवतात आणि जेवण सुरू करण्याआधी सुरीने ताटाच्या मधोमध एक रेघ ओढतात. भाताची रेघ, भाजीची रेघ, माशाचे दोन तुकडे. रेघेच्या अलीकडचं जेवतात. पलीकडचं बांधून नेतात, कुत्र्यासाठी.

कुत्रा म्हातारा आहे. त्याला मिरी चालत नाही, दात गेल्यामुळे भाजी मऊ लागते. मागच्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "सूप वेगळं बांध. पेपर वाचता वाचता पितो आणि सांडतो." मी सूपचं झाकण घट्ट लावलं.

आज त्यांना डॉगी बॅगचा अर्थ विचारला. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"उरलेलं मीच खाणार आहे असं म्हणायची लाज वाटते ना लोकांना. मग घरच्या कुत्र्याचं नाव पुढे करायचं. कुत्र्याला त्यातलं एक हाड मिळत असेल, नसेल. पुढे शब्द इतका रुळला की कुत्रा नसलेलेही बिनधास्त म्हणायला लागले. मागणाऱ्याला ठाऊक असतं, देणाऱ्याला ठाऊक असतं. शब्द फक्त मध्ये उभा राहतो, पडद्यासारखा."

"म्हणजे खोटं बोलणंच ना, बाई?"

"खोटं फसवायला बोलतात. इथे कोण फसतंय?" मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आणि जो बांधून देतो, त्याने कुत्र्याची फार चौकशी करायची नसते."

मी डब्यावर लिहिलं: मऊ भाजी, भात, मासा (काटे काढलेले). काटे मीच काढतो. कुत्र्याच्या घशात अडकू नयेत.

८, रविवार

थोरल्या शेठचं गुडघ्याचं दुखणं वाढलं. आजपासून त्यांचे जावई गल्ल्यावर बसणार. पाठीमागे सगळे जावई म्हणतात, समोर साहेब. चाळिशीचे असतील. बोलणं कमी. डबा घरून आणतात, इथलं पाणीसुद्धा पीत नाहीत. ताटं निपटायची वेळ झाली की तोंड फिरवून रस्त्याकडे बघतात. मावशीशी मात्र अदबीने बोलतात. "पाठ बरी आहे का तुमची?" असं तिला विचारलं. आम्हा बाकीच्यांच्या पाठी त्यांच्या हिशेबात नसाव्यात.

११, बुधवार

साहेबांनी मला बोलावलं. "अक्षर तुझं चांगलं आहे म्हणतात. नोटीस लिही. आजपासून उरलेले अन्न बांधून मिळणार नाही."

मी विचारलं, का. विचारायला नको होतं.

"पार्सल हवं त्याने वेगळं मागवावं, ताजं मिळेल. ताटातलं उष्टं इथून बाहेर जायचं नाही. हे चांगलं हॉटेल आहे."

"उष्टं नसतं साहेब, उरलेलं असतं. काही लोक तर आधीच बाजूला काढून ..."

"लिहितोयस ना?"

लिहिली. पट्टीने रेघा आखून, काळ्या शाईने. अक्षर इतकं चांगलं आलं की स्वतःचाच राग आला.

१३, शुक्रवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहायचं ठरवलंय.

बाई बाराला आल्या. नोटीस त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर होती, त्यांना दिसली नाही. रेघ ओढली, अर्धं जेवल्या आणि पिशवी पुढे केली. मी तोंड उघडायच्या आत साहेब गल्ल्यावरून उठून आले. आवाज चढवला नाही, हे खरं.

"माफ करा, बांधून देणं बंद केलंय."

"कुत्र्यासाठी आहे," बाई म्हणाल्या.

"बाई," साहेब म्हणाले, "कुत्र्यासाठी असतं, तर तुम्ही अशी रेघ ओढली असती का?"

सगळं हॉटेल ऐकत होतं. बाईंनी पिशवीची घडी घातली, एकदा, दोनदा, तीनदा, इतकी लहान की मुठीत मावली. मग गेल्या. रेघेच्या पलीकडे भात होता, भाजी होती, काटे काढायचा राहिलेला मासा होता. साहेबांनी मला खूण केली. मी ते ताट खरकट्याच्या पिंपात ओतलं. माझ्या हातांनी.

नोटीस मी लिहिली आणि ताटही मीच ओतलं. दुपारभर दुसरं काही सुचलं नाही. घरी जेवण गेलं नाही. वहिनीने विचारलं तर म्हणालो, हॉटेलात खाल्लं.

१४, शनिवार

भीती कशाची आहे ते नीट मांडून पाहिलं. खोली जाईल. दादा म्हणेल, तिसरंही घालवलंस. चौथं मिळायला किती दिवस लागतील ते ठाऊक नाही. हे सगळं खरं आहे. पण पिंपाचं झाकण लावताना जे वाटलं ते आठवलं की हे सगळं बारीक दिसतं.

नोटिशीत "मिळणार नाही" असं आहे. द्यायचं नाही असं मला कुणी म्हटलेलं नाही. ही पळवाट आहे हे मला कळतं. तरी मी तिच्यातून जाणार आहे.

१७, मंगळवार

बाई येतील असं वाटलं नव्हतं. आल्या. पूर्ण थाळी मागवली, रेघ ओढली नाही, अर्धं जेवून नुसत्या बसल्या. मी ताट उचलताना हळूच म्हणालो, "बाई, घरी जाताना मागच्या गल्लीतून जा."

ताट आत नेलं, पण पिंपाकडे नाही. कोठीत नेऊन डबा भरला. वस्ताद दारात येऊन उभा राहिला. माझे हात थांबले.

"मला काही दिसत नाही," तो म्हणाला. "चष्म्यावर वाफ आहे." त्याला चष्मा नाही.

मावशीने हात पुसून डबा माझ्याकडून घेतला. "असा दिलास तर सूप वाटेत सांडेल." सुतळीने तिने त्याला अशी गाठ मारली की वर बोट अडकवायला एक कान तयार झाला, आणि डबा कसाही धरला तरी सरळ राहतो. एक टोक ओढलं की सगळी सुटते. मला मारून पाहायला सांगितली, तीनदा चुकली. "शिकायला वर्ष जातं," ती म्हणाली. "मला मोरीवरचं काम जिने शिकवलं, त्या बाईची गाठ आहे ही. तिच्यामाघारी एक मीच मारते."

मागच्या दारात बाईंनी डबा घेतला आणि झाकण वाचलं. "वेळसुद्धा घातलीस?"

"न घालता द्यायला हात धजत नाही."

"सापडशील अशाने."

"हो," मी म्हणालो. ते मलाही ठाऊक होतं.

२१, शनिवार

आता रोज दोन-तीन डबे जातात. कोण कसं मागतं हे टिपून ठेवतो आहे. शब्दाचा अर्थ बाईंनी सांगितला, वापर इथे दिसतो.

तरुण मुलं सरळ म्हणतात, "पॅक कर." लाज नाही, मला आवडतं. घरी लहान मूल असलेले म्हणतात, "पोराला आवडतं." जाड चेनवाले एक गृहस्थ म्हणाले, "वाया जाऊ नये एवढंच," आणि डब्याला हात न लावता तो बायकोकडे दिला. एक आजोबा म्हणाले, "आमच्याकडे मांजर आहे." कुत्र्याचंच नाव घ्यायला हवं असं थोडंच आहे. इंग्रजी शब्द कुणी कुणी घेतात तेव्हा ताठ बसून घेतात. परक्या भाषेत लाज थोडी कमी होत असावी.

मी सगळ्यांना सांगतो, मागच्या गल्लीतून जा. प्रत्येक डब्यावर तीन ओळी, आणि चौथी मी वाढवली आहे: कधीपर्यंत संपवावं.

२३, सोमवार

मावशीबरोबर चहा. विचारलं, साहेब उरलेल्यावर इतके का चिडतात. ती म्हणाली, "मला काय ठाऊक." मग बराच वेळ कप फिरवत बसली आणि दुसरीच गोष्ट सांगायला लागली.

तिला काम शिकवणाऱ्या त्या बाईला एक मुलगा होता. शाळा सुटली की इथेच मागच्या पायरीवर अभ्यासाला बसायचा. जाताना आईच्या हातात डबा असायचा, दोघांचं तेवढंच जेवण. एकदा त्याच्या वर्गातला एक मुलगा आईबापाबरोबर इथे जेवायला आला आणि त्याने तो डबा भरताना पाहिला. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग त्याला म्हणाला, तू आमचं उष्टं खातोस. त्यानंतर पोरगा आठ दिवस जेवला नाही म्हणे.

"मग काय झालं त्याचं?"

"व्हायचं काय. शिकला, मोठा झाला, साहेब झाला." आणि मावशी दाराच्या फटीतून गल्ल्याकडे बघत राहिली.

मावशी पँट घातलेल्या सगळ्यांनाच साहेब म्हणते. मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र तिने दिलं नाही. वय झालं, की एकातून दुसरं आठवत जातं.

२६, गुरुवार

सापडलो. निंदेने नाही, स्तुतीने.

मालवाहू गाडीचे एक दाढीवाले ड्रायव्हर परवा डबा घेऊन गेले होते. आज झाकण हातात घेऊन थेट गल्ल्यावर गेले. "शेठ, डबा द्यावा तर तुमच्यासारखा. काय आहे, कधी भरलं, कुणी भरलं, कधीपर्यंत खायचं. माझ्या औषधाच्या बाटलीवर एवढं लिहिलेलं नसतं."

साहेबांनी त्यांचे आभार मानले. मग ते आत आले. मोरीच्या फळीवर बाईंनी आणि इतरांनी धुऊन परत केलेले आणखी चार डबे होते. माझी शाई पक्की असते, धुऊन जात नाही. त्यांनी पाचही झाकणं ओट्यावर ओळीने मांडली.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"आणि नोटिशीचं?"

"तेही माझंच."

"मग मी यातलं खरं कोणतं मानायचं?"

"नोटीस तुम्ही सांगितली म्हणून लिहिली, साहेब. हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

त्यांनी एक झाकण उचललं. "मऊ भाजी, मिरी नाही. संध्याकाळपर्यंत संपवावी. हे कुणासाठी?"

"कुत्र्यासाठी."

वस्तादला ठसका लागला. तो बराच वेळ टिकला. साहेब हसले नाहीत.

"उरलेलं घरी नेऊन लोक मुलांपुढे ठेवतात. त्या मुलांना काय वाटतं, कधी विचार केलायस?"

"मुलांना भूक लागलेली असते, साहेब."

 झाकण त्यांच्या हातात तसंच होतं. मला वाटलं पुन्हा वाचतायत, पण वाचायला एवढा वेळ लागत नाही. मग म्हणाले, "उद्या लिहून आण. चूक झाली, पुन्हा होणार नाही. दोन ओळी. त्या नोटिशीशेजारी लावू. एक तारखेला कायम करतो, किल्लीही देतो."

 मी ओट्यावरची उरलेली चार झाकणं उचलून फळीवर ठेवली.

२७, शुक्रवार

सकाळपासून चार कागद फाडले. दादा बूट घालता घालता म्हणाला, "दोन ओळी लिहायला काय जातं तुझं? मी साहेबापुढे दिवसातून चारदा म्हणतो, चूक झाली. मला काही होतं का?"

"होतं की," वहिनी आतून म्हणाली. "घरी येऊन आमच्यावर निघतं."

दादाने एकच बूट घातला होता. दुसरा हातात धरून तो जरा वेळ बसला. मग म्हणाला, "तुझं तू बघ."

चूक हा शब्द मी हजारदा लिहिला असेल. दुसऱ्यांच्या लिहिण्याखाली, लाल शाईने. आज तो लिहायला गेलो की हात पुढे सरकेना. खोली डोळ्यांपुढे होती, कडीसकट. शेवटी जे लिहिलं त्याची नक्कल इथे ठेवतो:

"मी या हॉटेलातून एकवीस डबे बांधून दिले. एकाही डब्यावर वेळ आणि नाव लिहायचं राहिलं नाही. कुणाला बाधलं नाही. तेरा तारखेला एक चांगलं ताट मी पिंपात ओतलं. ती चूक होती. ती पुन्हा होणार नाही."

साहेबांनी कागद दोनदा वाचला, चौघडी घालून खिशात ठेवला. भिंतीवर लावला नाही.

"आजपासून येऊ नकोस," म्हणाले.

बाई बाराला आल्या असतील. काटे कोणी काढले असतील, कुणास ठाऊक.

२९, रविवार

  काल आणि आज पाच हॉटेलांत विचारून आलो. एका ठिकाणी म्हणाले, आधीचं का सोडलं. खरं सांगितलं. ते म्हणाले, बघू.

पश्चात्ताप होतोय का हे तपासून पाहिलं. खोलीचं वाईट वाटतं. कागदाचं नाही.

३१, मंगळवार

आज बाराला पाच मिनिटं असताना हॉटेलात गेलो. पुढच्या दाराने, स्वतःचा शर्ट घालून. आठ नंबरवर बसलो. या खुर्च्या इतक्या कडक आहेत हे मला तीन महिन्यांत कळलं नव्हतं. माझ्या जागेवर नवा माणूस होता, त्याने पाणी ठेवलं. पूर्ण थाळी मागवली. भिंतीवर माझी नोटीस. ओळी अजून सरळ दिसत होत्या.

बाई आल्या. मला पाहिलं, मान हलवली आणि शेजारी नऊ नंबरवर बसल्या.

मी सुरी घेतली आणि ताटाच्या मधोमध रेघ ओढली. भूक इतकी होती की दोन थाळ्या संपल्या असत्या. सकाळचं काही खाल्लं नव्हतं, मुद्दामच. रेघेच्या अलीकडचं सावकाश जेवलो आणि थांबलो. पोटाला सांगितलं, गप्प बस.

मग नव्या माणसाला म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बाकीचं बांधून द्या."

त्याने नोटिशीकडे बोट केलं.

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "मीच लिहिलीय. माझ्याकडे कुत्रा नाही, मांजर नाही. उरलेलं मी खाणार आहे. बांधून द्या."

चमच्यांचे आवाज थांबले. साहेब गल्ल्यावरून उठले. 

तेवढ्यात नऊ नंबरवरून आवाज आला, कचेरीत वाचून दाखवतात तसा स्वच्छ. "माझंही बांधा. माझ्या भावासाठी. तो चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे, त्याला जिना उतरता येत नाही आणि त्याला तुमच्याकडचा मासा आवडतो."

मागे कुणीतरी म्हणालं, "आमचंही." कोण ते मी वळून पाहिलं नाही.

साहेब दोन्ही ताटांपाशी येऊन उभे राहिले. बाईंच्या ताटाकडे बघत होते, रेघेकडे. मग त्यांनी स्वतः दोन्ही ताटं उचलली, एक या हातात, एक त्या, सराईतासारखी, आणि आत गेले. पिंपाच्या झाकणाचा आवाज मी कान देऊन ऐकत होतो. आला नाही. मावशी काहीतरी बोलली. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

आले ते दोन डबे घेऊन. बाईंचा बाईंपुढे ठेवला. माझा माझ्यापुढे.  नोटीस काढली नाही, मला परत ये म्हणाले नाहीत. गल्ल्यावर जाऊन बसले आणि नव्या माणसाला म्हणाले, "त्या मागच्या टेबलाला विचार, किती डबे हवेत."

बाई आणि मी रस्त्यापर्यंत बरोबर चाललो. "काटे काढलेत रे," त्या म्हणाल्या. झाकणाच्या फटीतून पाहिलं असावं.

घरी दादा लवकर आला होता. "काय आणलंस?"

"उरलेलं."

"कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

वहिनीने तीन ताटल्या काढल्या. डब्यावर चार ओळी होत्या: काय आहे, कधी भरलं, कधीपर्यंत संपवावं, आणि कोणी भरलं तिथे साहेबांची पूर्ण सही. वर सुतळीची गाठ, बोट अडकवायला कान असलेली. हॉटेलापासून घरापर्यंत डबा एकदाही कलला नाही. एक टोक ओढलं, सगळी सुटली.

मावशीचे हात आज भांड्यांतच होते. दाराच्या फटीतून मला ते सगळा वेळ दिसत होते, कोपरापर्यंत साबण. मग ही गाठ कुणी मारली ते कळत नाही. शुक्रवारी बाराला जेवायला जाणार आहे, तेव्हा तिला विचारीन.